घेणारा कोणीतरी असतोच

८ जानेवारी, सोमवार

बापूंचा कान गेला आहे. आज खात्री पटली.

जुन्या विमा कंपनीच्या इमारतीतली लिफ्ट होती. बापू केबिनच्या छतावर, मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. आमची पद्धत ठरलेली आहे. दोर जिथून खाली जातात त्या भोकातून मी ओरडतो, "चालू करतोय." ते खालून तेच शब्द परत देतात. परत आले की मगच मी मेन स्विच वर करतो. तसं छतावर थांबवायचं वेगळं बटण असतं, पण या लिफ्टवरचं कधीच मेलंय आणि ऑफिसला लिहून लिहून आमचे हात दुखले. वॉकीटॉकी दिलेत, त्यात बापूंना नुसती खरखर ऐकू येते. म्हणजे उरला माझा घसा आणि त्यांचा कान.

आज मी ओरडून ओरडून थकलो आणि शेवटी जिने उतरून गेलो. ते निवांत लिफ्टचे रूळ पुसत होते. म्हणाले, "पंख्याचा आवाज फार आहे रे, बारक्या." पंखा बंद होता.

(मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. कामाला लागलो तेव्हा सगळ्यांत लहान होतो म्हणून बारक्या. आता केस पांढरे झाले तरी बारक्याच.)

चहाच्या वेळी त्यांनी आपणहून विषय काढला. डावा कान पूर्ण गेलाय, उजवा निम्मा. ऑफिसला कळलं तर उद्याच लिफ्टच्या शाफ्टमधल्या कामावरून काढतील आणि गोदामात बसवतील, निम्म्या पगारावर. "जूनअखेर मीच सोडतो," म्हणाले. "पेन्शन सुरू व्हायला मध्ये तीन वर्षं आहेत. साठवलेल्या पैशांवर ती निघाली की सुटलो. जेमतेम पुरतील. थोडे वाढले तर तुझ्या काकूची काळजी मिटेल." मी म्हटलं, जूनपर्यंत मी आहे ना वर. मनापासून म्हटलं.

१७ जानेवारी, बुधवार

आजपासून मी बापूंचा गुरुजी.

ऑफिसात मला शेठ म्हणतात, ते चिडवायला. पण चार पैसे कुठे टाकायचे हे विचारायला सगळे माझ्याकडेच येतात. दोन वर्षं मी ईटीएफ घेतोय. मुलीच्या कॉलेजची फी त्यातच जमवली आहे.

जेवणाच्या सुट्टीत मशीन रूममध्ये उलट्या डब्यांवर बसून शिकवलं. ईटीएफ म्हणजे शंभरेक कंपन्यांची एक टोपली आणि त्या टोपलीतला एक वाटा म्हणजे युनिट. शेअरसारखाच बाजारात मिळतो. बाजार चालू आहे तोवर कधीही घ्या, कधीही विका. बाजार उघडल्या उघडल्या हात लावायचा नाही, तेव्हा भाव उड्या मारत असतात. ऑर्डर टाकताना 'मार्केट' कधी दाबायचं नाही, कारण त्याचा अर्थ मिळेल त्या भावाला. 'लिमिट' दाबायचं, आपला भाव आपण लिहायचा. तेवढ्याला मिळालं तर घ्यायचं, नाही तर राहिलं. सकाळी चालू भावापेक्षा जरा खाली लावून ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आणि पडलं की घाबरायचं नाही, पडलं की घ्यायचं.

बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं, उजवा कान माझ्याकडे करून. मग दोन प्रश्न विचारले.

"मी घेतो तेव्हा विकणारा कोण असतो?"

"असतो कोणीतरी. आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?"

"बरं. आणि टोपलीत खरा माल केवढ्याचा आहे ते कुठे बघायचं?"

मी म्हटलं, बाजार सांगेल तीच किंमत. हा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नव्हता. पण गुरुजींनी अडखळून चालत नाही, म्हणून आवाज जरा चढवला.

कोणता घ्यायचा, तर मी घेतलाय तोच सांगितला, परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांचा. आलेख असा की बघतच राहावं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बापूंनी निम्मी पुंजी टाकली. एकशे चाळीस रुपयांच्या आसपास मिळाले सगळे युनिट. चार दिवस थोडे थोडे घेतले, रोज लिमिट लावून. शिकवलं तसं अगदी.

घरी हिला अभिमानाने सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "त्यांचे पैसे आणि तुमची अक्कल, ही जोडी जुळवू नका."

"माझ्याच अकलेवर मुलीची फी निघणार आहे."

"तेच म्हणतेय मी."

लग्नाला बावीस वर्षं झाली, बोलण्यात मी एकदाही जिंकलेलो नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

भाव एकशे छप्पन्न. बापूंनी आज राजीनामा दिला, जूनअखेरचा. साहेबांनी विचारलं म्हणे, "सोडून करणार काय?" बापू म्हणाले, "तळमजल्यावर राहणार."

कानाचा प्रश्न मी सोडवलाय. ज्या शाफ्टमधून लोखंडी पाइप जातो तिथे मी वरून पान्याने ठोकतो, ते पाइपला हात लावून ओळखतात आणि उत्तर देतात. जिथे पाइप नाही तिथे घसा फोडतो. चार महिने काढायचे आहेत. जातील असे-तसे.

बापू मला सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पोरगा नसता तर मी पैसे उशीखाली घेऊन मेलो असतो." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१४ मार्च, गुरुवार

आज भलतंच कळलं.

वर्षअखेरीचे कागद हवे होते म्हणून पहिल्यांदाच फंड कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर गेलो. एरवी ब्रोकरच्या ॲपवर आलेख बघायचा की झालं. तिथे एका कोपऱ्यात लिहिलं होतं, एनएव्ही, म्हणजे एका युनिटमधल्या मालाची खरी किंमत, एकशे एकतीस. बाजारात भाव एकशे अडुसष्ट. मला वाटलं छपाईची चूक असेल. हेल्पलाइनला फोन लावला.

ती मुलगी फार नम्र होती. म्हणाली, "सर, परदेशात पैसे गुंतवायची आमची मर्यादा संपली आहे. म्हणून आम्ही नवीन युनिट काढणं थांबवलंय. बाजारात आहेत तेवढेच युनिट फिरतायत, त्यामुळे लोक जास्त भाव देतायत."

"मग वरचे सदतीस कशाचे?"

"ते मागणीचे, सर."

"आणि मर्यादा परत उघडली की?"

"भाव मग एनएव्हीजवळ यायला हवा. कधी उघडेल ते आम्ही सांगू शकत नाही. गेल्या ऑक्टोबरपासून वेबसाइटवर सूचना लावलेली आहे, सर."

ऑक्टोबरपासून. मी जानेवारीत गुरुजी झालो.

म्हणजे आम्ही दोघं हवेला पैसे देऊन बसलोय. माल एकशे एकतीसचा, बाकी फुगा. बापूंचे माझ्या तिप्पट आहेत. उद्या सकाळी पहिलं काम, त्यांना सांगायचं.

१५ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. कारण आहे.

सकाळी ॲपमध्ये घेणाऱ्यांची यादी उघडून बघितली. एरवी मी तिकडे ढुंकूनही बघत नाही. या फंडात गिऱ्हाईकच नाही. एकशे सदुसष्टला कोणीतरी थोडे मागतोय, एकशे पासष्टला थोडे, त्याखाली सामसूम. मी आणि बापू एकदम विकायला उतरलो तर भाव दगडासारखा खाली जाईल, आणि दोघंही बुडू. त्यापेक्षा मी आधी माझे हळूहळू काढतो. कसं जमतं ते कळेल. मग त्यांचे नीट काढून देतो. आपण पूल ओलांडून बघायचा आणि मग म्हाताऱ्या माणसाला हात द्यायचा, यात वावगं काय आहे?

शिवाय त्यांना सांगितलं तर ते घाबरतील. घाबरलेला माणूस 'मार्केट' दाबतो.

१८ मार्च, सोमवार

काही युनिट विकले. एकशे चौसष्टला लावले, कोणीतरी पटकन घेतले. परत लावले, परत गेले. हेही ठरवलं की घाई करायची नाही, भाव जरा सावरला की पुढचे. कोण आहे कोण जाणे, पण माझ्या खालीच ओंजळ धरून बसलाय. देव त्याचं भलं करो.

आज बापूंसोबत काम नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

२० मार्च, बुधवार

आज जेवताना बापू खुशीत होते. डबा उघडण्याआधी फोन काढून दाखवला. "बारक्या, मिळाले बघ. एकशे बासष्टला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा पडतोय, म्हटलं हीच वेळ. राहिलेली निम्मी पुंजी काढली बँकेतून. या सोमवारपासून रोज सकाळी जरा खाली लावून ठेवतोय आणि कामाला लागतोय."

मी म्हटलं, "हळू घ्या बापू. सगळं एकदम नको."

"तूच म्हणालास ना, पडलं की घ्यायचं?"

"म्हणालो होतो."

"मग?"

मी म्हटलं, तसं नाही, आपलं सहज. त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. हसले आणि मान हलवली. ऐकू न आलेल्या वाक्याला ते आताशा असेच हसतात. मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

मी आज सकाळी एकशे बासष्टला विकले होते. बाजारात लाखो माणसं असतात. त्यातला नेमका हाच माणूस कशाला असेल? हा विचार मी तिथेच सोडला आणि उरलेला डबा खाल्ला. चव लागली नाही.

२२ मार्च, शुक्रवार

माझे संपले सगळे. सरासरी एकशे त्रेसष्ट पडली. मी घेतले होते शंभरच्या आत. मुलीची फी निघाली, वर थोडे उरले.

हिला सांगितलं. हिचा चेहरा फुलायला हवा होता. म्हणाली, "आणि बापूंचे?"

"आता त्यांचेच काढायचेत. सोमवारी सांगतो."

"गेल्या आठवड्यात कळलं ना तुम्हाला?"

"तुला त्यातलं कळत नाही. घेणारे नाहीत. एकदम दोघं उतरलो असतो तर—"

"घेणारे नाहीत म्हणता, मग तुमचे कोणी घेतले?"

मी चिडलो. बराच बोललो. बाजार म्हणजे काय, भाव कसा ठरतो, सगळं. ही ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "खाई त्याला खवखवे." मग दिवा मालवून आत गेली, मी अंधारात बोलत राहिलो.

२५ मार्च, सोमवार

आज सांगणारच होतो. सकाळी शाफ्टजवळ तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "लागले सगळे पैसे. आता जूनपर्यंत बघायचंसुद्धा नाही." आता सांगायचं तर कारणही सांगावं लागेल, आणि मला कधी कळलं तेही. मी म्हटलं, बघूच नका. भाव एकशे साठवर टिकलाय. कदाचित वर्षभर काही होणारही नाही. ती मुलगी म्हणालीच होती, कधी उघडेल सांगता येत नाही.

मूग गिळून बसणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. घशात अडकतात ते.

८ एप्रिल, सोमवार

झालं.

शनिवारी फंड कंपनीने जाहीर केलं की मर्यादा वाढली, नवीन युनिट काढणार. मी शनिवारीच वाचलं. रविवारी बापूंच्या घरी जायला निघालो, कोपऱ्यावरून परत आलो. जाऊन म्हणणार काय होतो? बाजार बंद होता, रविवारी कोणाला काही विकता येत नाही. असं मी स्वतःला सांगितलं.

आज बाजार उघडला तो एकशे तीसलाच. मी बँकेच्या इमारतीत मशीन रूममध्ये होतो, बापू खाली लॉबीत. शाफ्टमध्ये फोन लागत नाही म्हणून ते आधी सवयीने फोन बघतात. थोड्या वेळाने वर आले, सगळे जिने चढून. लिफ्टचा माणूस जिने चढून येतो तेव्हा काहीतरी मेलेलं असतं.

"लिमिट लावली, कोणी घेईना," म्हणाले. "परत खाली लावली, तरी घेईना. भाव डोळ्यांदेखत उतरत होता. मग मी मार्केट दाबलं."

"सगळे?"

त्यांना ऐकू आलं नाही. मी हाताने गोल करून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

एकशे अकरा सरासरी पडली. खऱ्या मालाच्या किमतीपेक्षाही वीस खाली. कोणीतरी खाली टोपलं धरून बसलेला असणार, त्याला फुकटात मिळाले. दुपारी बाजार बंद होताना भाव परत एकशे अठ्ठावीस होता. त्यांनी काही केलं नसतं तर निदान तेवढे राहिले असते. मी शेजारी असतो तर हात धरला असता. मी चार जिने वर होतो.

त्यांच्या पुंजीच्या चार वाट्यांतला एकाहून जास्त वाटा गेला.

९ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात बातमी पसरली. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "काय शेठ, बुडवलंत ना म्हाताऱ्याला?" मी उत्तर द्यायच्या आत बापूच बोलले. मोठ्याने बोलतात आता, स्वतःचा आवाजही त्यांना कळत नाही. "त्याला काही म्हणू नका. त्याने सांगितलं होतं मार्केट दाबू नको. हळू घ्या, सगळं एकदम नको, हेही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हाव माझी."

सगळे आपापल्या कामाला लागले. मीही.

नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "तुझे किती गेले रे?"

मी म्हटलं, "गेले थोडे."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुलीच्या फीचं काही अडलं तर सांग. अजून थोडे आहेत माझ्याकडे."

मी संडासात जाऊन बराच वेळ बसलो. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

बापूंनी राजीनामा परत घेतला. साहेब खूश आहेत, अनुभवी माणूस राहिला म्हणून.

मी हिशेब मांडून ठेवलाय, त्यांना किती द्यायला हवेत याचा. पण देणार कसे? कशाचे म्हणून? उसने म्हणून दिले तर ते घेणार नाहीत, आणि खरं सांगून दिले तर ते पैसे घेतील आणि मग माझ्याकडे बघतील. ते बघणं मला नको आहे. हिला विचारलं. ही म्हणाली, "पाकिटात घाला, दाराखाली सरकवा." मी म्हटलं, चेष्टा करू नकोस. म्हणाली, "मी चेष्टा करत नाहीये."

मुलीची फी भरायची शेवटची तारीख मंगळवार होती. भरली. उरले आहेत ते पुढच्या वर्षाला लागतील.

१४ मे, मंगळवार

आज वार्षिक तपासणी. शाफ्टवाल्यांचा कान तपासतात. डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणतात आणि आपण ते परत म्हणायचे, एवढीच परीक्षा. बापू काल म्हणाले होते, "मी यात नापास झालो तर गोदामात जाईन, बारक्या. निम्म्या पगारात घर चालायचं नाही." मागितलं काहीच नाही त्यांनी.

मी समोरच्या बाकावर बसलो, माझा नंबर पुढचा होता म्हणून. डॉक्टर म्हणाले सात, मी गुडघ्यावर सात बोटं ठेवली. डॉक्टर म्हणाले तीन, मी तीन ठेवली. बापूंनी सगळे बरोबर सांगितले, आवाज मात्र जरा जास्तच मोठा. डॉक्टरांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझे उपकार कुठे फेडू?" मला वाटलं होतं, यांच्यासाठी काहीतरी केलं की छातीवरचं थोडं उतरेल. काही उतरलं नाही.

हिला सांगितलं नाही. हिला न सांगायच्या गोष्टी आता दोन-तीन झाल्या.

१२ जून, बुधवार



पुन्हा ती विमा कंपनीची इमारत. तिथे पाइप नाही. बापू केबिनच्या छतावर, मी वर. नियमाप्रमाणे मेन स्विचला कुलूप लावून किल्ली खालच्या माणसाच्या खिशात असायला हवी. पण मग दर वेळी त्यांना सगळे जिने चढून यावं लागतं, गुडघे राहिलेले नाहीत. म्हणून आम्ही कुलूप लावत नाही.

त्यांनी मागितला तेवढा वेळ झाला. मी भोकाशी वाकून ओरडलो, "चालू करतोय." काही नाही. परत ओरडलो. परत. मग खालून काहीतरी आलं. शब्द नव्हता, नुसता आवाज, कोणी "हं" म्हणावं तसा. शेजारच्या शाफ्टमधून आला असेल, रस्त्यावरून आला असेल. मला तो बापूंचा वाटला. वाटला म्हणजे मला तो त्यांचा हवा होता. हवा होता, कारण त्यांचा नसता तर मला परत जिने उतरून जायला लागलं असतं, आणि ते ऐकत नाहीत हे परत एकदा डोळ्यांनी बघायला लागलं असतं.

स्विच अर्धा वर केला होता. अगदी अर्धा.

का थांबलो ते मला सांगता येणार नाही. स्विच खाली केला आणि पळत सुटलो. चौथ्या मजल्यावर दार उघडून आत डोकावलो. बापू छतावर पालथे पडलेले होते. उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर, पलीकडच्या रुळावर. केबिन खाली गेली की वजनाचा ठोकळा त्याच रुळावरून वर येतो. ते तिथलं जुनं ग्रीस खरवडत होते, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते.

मी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. दचकून वळले. मला बघितलं, माझा चेहरा बघितला. हसले नाहीत.

"हाक मारली होतीस का रे?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. हो म्हटलं असतं तर ते आजच्या आज उतरले असते. ते तसेच आहेत. ऑफिसात जाऊन स्वतःच सांगितलं असतं की मला काढा, माझ्यामुळे या पोराच्या हातून माणूस मरेल. आणि उतरून गेले असते कुठे? तीन वर्षं कशावर काढली असती?

"नाही, बापू," मी म्हटलं. "नव्हती मारली."

"खरं?"

"खरंच नाही मारली. अजून किती वेळ लागेल ते विचारायला आलो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे," म्हणाले. "मला वाटलं, आता माझा भरवसा नाही. तुझा आहे तोवर चालेल."

मग माझ्या खांद्याला धरून ते वर आले.